अविनाशची लाल बाटली

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. मेडशीला घरी, चहा पिता पिता, हार्ट अटॅक. फोन ठेवला आणि माझी नजर आधी गेली ती त्याच्या टेबलावरच्या लाल बाटलीकडे. मित्र गेला आणि मला बाटली दिसली… काय म्हणायचं ते म्हणा.

वाशिमच्या कॉलेजात आम्ही दोघं रसायनशास्त्र शिकवायचो. टेबलाला टेबल लागून. वेडही एकच, तांब्याचे नॅनोकण. म्हणजे इतके बारीक कण की त्यांचा रंग तेवढा दिसतो, कण नाही. मोरचूद पाण्यात विरघळवायचं, शेवग्याच्या पाल्याचा काढा घालायचा, बूच लावून मंद गरम करायचं. निळं पाणी पिवळं होतं, मग विटकरी लाल. त्याचं व्हायचं. माझं व्हायचं काळं. पाला एकाच झाडाचा, मोरचूद एकाच डब्यातलं, तरीही! मग ते वाळवून केलेली पूड अमरावतीला क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासायला जायची. त्याच्या आलेखात शुद्ध तांब्याची तीन शिखरं, बाकी सगळं सपाट. माझ्या आलेखात मधे मधे ऑक्साइडचे उंचवटे, घामोळं उठावं तसे. पोरंपोरी त्याच्या टेबलाभोवती आणि मी आपला जर्नलं तपासतोय. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. लपवत असता तर शिव्या तरी घातल्या असत्या. पण या माणसानं काही म्हणजे काही लपवलं नाही, आणि राग होता तो त्याचाच.

"काहून घडीघडी बूच उघडून राह्यला बे?" तो म्हणायचा. "हवा लागली का तांबं काळं पडते. जराशी कळ काढ ना!"

"पाह्यतो फक्त. तुह्याएवढं लाल झालं का नाई ते."

"मंग नाई होत."

मी तरी उघडायचोच. वाफेनं काच आंधळी झालेली, शेजारी त्याचं लाल होत असणार, आणि मी स्वस्थ बसू?

तेरवीनंतर सुनंदावहिनी त्याचं सामान न्यायला आल्या. बाटली मात्र त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "भाऊजी, हे तुमच्याजवळ राहू द्या. ते घरी हासत म्हणत, मले काई झालं तं हे त्याले देजो, पण बूच नको उघडू देजो." मला हसू आलं आणि तळपायाची आग मस्तकातही गेली. मेल्यावरही गड्यानं शिकवायचं सोडलं नाही. तेव्हापासून सकाळी आल्या आल्या पाहतो, पडली का काळी. पडत नाही.

परवा पुन्हा प्रयोग लावला. शेजारचं टेबल रिकामं. कुणाचं किती लाल झालं याची धास्तीच नव्हती, त्यामुळे बूच उघडायचं सुचलंही नाही. निवल्यावर काच पुसली… लाल! चक्क विटकरी लाल!

"अव्या, पाह्य बे!" मी ओरडलो आणि त्याच्या टेबलाकडे वळलो. इतकी वर्षं मी जळलो. आता त्याची पाळी आली, आणि हा गडी जागेवरच नाही. असा राग आला मला त्याचा!

मग माझी बाटली त्याच्या बाटलीशेजारी ठेवली. बूच काही उघडलं नाही. खिडकी उघडून उजेडात दोन्ही नीट न्याहाळल्या.

त्याचीच जरा जास्त लाल आहे.