कोटाची बाही

फोटोत घड्याळ दिसलं की समजावं, काढणाऱ्याला काळ दिसलेला नाही, असं अब्बा म्हणायचे. आणि त्या दुपारी वाचनालयाच्या टेबलांवर मांडलेल्या फोटोंत घड्याळंच घड्याळं होती.

लोणावळ्याच्या वाचनालयाने फोटोंचं प्रदर्शन भरवलं होतं. विषय होता सरता काळ. फोटो स्वतः काढलेला असो की घरच्या भिंतीवरचा, कुणीही आणावा. परीक्षक तिघे: शाळेचे हेडमास्तर, हवापालटाला येऊन इथेच राहिलेले एक डॉक्टर आणि पेठेत वर्षानुवर्षं फोटोचं दुकान चालवणारे माझे अब्बा. आमंत्रण आलं तेव्हा मला ते नकोच होतं. काचबिंदूने अब्बांचे डोळे नेले होते, आणि हे घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुकानात गिऱ्हाइकाला बसवायचे ते, दरडावायचे ते. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली मात्र मी शिरायची. लोकांना वाटे, म्हातारा मुलीला शिकवतोय. रस्त्यात त्यांनी कधी माझा हात धरला नाही. मी एक पाऊल पुढे, बांगड्या वाजवत. त्या आवाजामागून ते ताठ मानेने, शौक म्हणून बाळगावी तशी काठी फिरवत. त्यांच्या या ताठ्याचा मला रागही यायचा आणि तो आवडायचाही. त्यांचं नाव तेवढं शाबूत राहावं, एवढंच मला हवं होतं. म्हणून मी म्हटलं, नाही म्हणून कळवा. ते म्हणाले, कशाला, तू आहेस की.

तर अब्बा एकेक फोटो हातात घेत, खिडकीकडे धरत आणि मला विचारत, सांग, काय दिसतं? हेडमास्तरांना वाटलं मुलीची परीक्षा चाललीय. ते कौतुकाने हसले. सांगण्याची आमची रीत ठरलेली होती. आधी उजेड कुठून येतो, मग हात कुठे आहेत, चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा माणूस घरून तयार करून आणतो, हात मात्र विसरतो, हे अब्बांचं मत.

नागफणीच्या सुळक्यामागचा सूर्यास्त त्यांनी लगेच बाजूला ठेवला. सूर्य रोजच मावळतो, म्हणाले, त्यात ह्याने काय केलं? इंदुरीच्या गढीचा पडका बुरूज डॉक्टरांना फार आवडला होता. उजेडही छान होता. पण अब्बांनी मान हलवली. जुनं असणं वेगळं आणि काळ जाणं वेगळं. बुरूज काल पडला की आजोबांच्या वेळी, हे फोटोला माहीतच नाही, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर विचारात पडले.

मग सोमाटण्याच्या एका शेतकरी घरातून आलेली चौकट समोर आली. एकाच चौकटीत तीन फोटो. त्यातला कोट मी पाहताक्षणी ओळखला.

आमच्या दुकानात खिळ्याला एकच काळा कोट टांगलेला असे. गावाकडची माणसं बाजाराच्या दिवशी फोटोला येत आणि बसण्याआधी म्हणत, "कोट द्या की, भाऊ." कोटाशिवाय काढलेला फोटो त्यांना फोटोच वाटत नसे. किडकिडीत माणसाला मागून टाचण्या लावायच्या, जाड्याची न लागलेली बटणं फुलदाणीआड लपवायची. निम्म्या मावळाने तो कोट अंगात घातला असेल, आणि मला त्याची लाज वाटत नाही, उलट मिरवावंसं वाटतं.

मी सांगू लागले. पहिल्या फोटोत नुकतं लग्न झालेला पोरगा, कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. दुसऱ्यात तोच माणूस, कोट अंगाबरोबर बसलेला, मांडीवर लेक. तिसऱ्यात लेक मोठा झालेला, कोट आता त्याच्या अंगात. बाप शेजारी खुर्चीवर, नुसत्या बाराबंदीत.

"बापाचा हात?" अब्बांनी विचारलं.

माझा आवाज खाली गेला. म्हटलं, हात गुडघ्यावर नाही. त्याने लेकाची बाही चिमटीत धरलीय.

आमच्या दुकानात बसलेल्या माणसाचा हात गुडघ्यावरच असायचा, तो त्यांचा कायदा होता. त्या म्हाताऱ्याने आपण होऊन बाही धरली तेव्हा मी कापडाखाली होते. काही न बोलता मी फोटो घेतला होता.

डॉक्टर म्हणाले, पहिलं बक्षीस हेच, आता दुसरं काही बघायला नको. हे कुणाच्या दुकानातलं काम, असं हेडमास्तरांनी विचारलं. आमचंच, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिन्ही फोटो अब्बांच्या नावावर गेले असते, आणि ते जावेत म्हणून मी मनात दुआ करत होते.

अब्बा उभे राहिले.

"यातले दोन माझे आहेत," ते म्हणाले. "तिसरा माझा नाही. मी तो हात गुडघ्यावर ठेवायला लावला असता आणि फोटो मेला असता. तिसरा माझ्या मुलीचा. मला दिसत नाही, बरेच दिवस झाले. दुकानातले फोटो हीच काढते. तेव्हा ह्याला मी मत देणार नाही, तुम्ही दोघं ठरवा."

हेडमास्तरांनी आपली खुर्ची उचलून माझ्यासाठी पुढे ठेवली. दोघांनी मिळून बक्षीस त्याच चौकटीला दिलं. ते सोमाटण्याला गेलं हे योग्यच झालं, आयुष्य त्यांचं होतं. माझं तिकडे लक्षही नव्हतं. मी अब्बांकडे बघत होते आणि माझा ऊर अभिमानाने भरून आला होता.

बाहेर आल्यावर सवयीने मी एक पाऊल पुढे झाले आणि बांगड्या वाजवल्या.

"थांब," अब्बा म्हणाले.

काठी त्यांनी बगलेत धरली, चाचपत माझ्या पोलक्याची बाही शोधली आणि ती चिमटीत पकडली. बाजाराचा दिवस होता, सगळी पेठ बघत होती. आम्ही रस्त्याच्या मधून, सावकाश, घरी गेलो.