माफी मागायला निघालेले काका

माणूस दिवसेंदिवस सुधारत चालला आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सबंध ठाणे जिल्ह्यात एकच असेल, आणि माझं नशीब असं की तो माझा चुलतसासरा आहे. बायकोचे हे काका शहापुरात आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात आणि रोज संध्याकाळी चहाला येतात. त्यांच्यासमोर कोणी "पूर्वीचे दिवस राहिले नाहीत" म्हणायचा अवकाश, की काका चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसायला घेतात. चष्मा पुसायला लागले म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. पूर्वी म्हणजे नक्की कधी, असं ते विचारतात. पूर्वी भातात साप निघाला की गाव काठ्या घेऊन धावायचं, आता सर्पमित्राला फोन जातो. पूर्वी बाप चारचौघांत स्वतःचं पोर कडेवर घ्यायला लाजायचा, आता मुरबाडच्या जीपमध्ये बघा, चांगला मिशीवाला गडी पोराचं नाक पुसत बसलेला असतो. पूर्वी गावजेवणात बौद्धवाड्यातल्या माणसांना सगळ्यांत शेवटी आणि लांब बसवायचे. तिथं अजून सगळं झालेलं नाही, हे ते कबूल करतात, पण निदान आता तसं वागणाऱ्याला लाज वाटते, आणि लाज वाटणं काही कमी नाही म्हणतात. एकदा आम्ही एका दशक्रिया विधीला गेलो होतो. तिथं कोणीतरी उसासा टाकून माणुसकी संपली म्हणालं. झालं. काकांनी तिथल्या तिथं कोण कोण कामावर रजा टाकून आलंय ते हात वर करायला लावून मोजून दाखवलं, आणि ज्याचा बाप गेला होता त्या बिचाऱ्याला रडावं की हात वर करावा ते कळेना.

देवळाबाहेरून त्यांच्या नव्या चपला चोरीला गेल्या तेव्हाही त्यांची श्रद्धा ढळली नाही. चोराने स्वतःच्या जुन्या चपला मागे ठेवल्या होत्या. पूर्वीचा चोर एवढा विचार करत नसे, असं म्हणत काका त्या घालून घरी आले. दोन नंबर लहान होत्या. आठवडाभर लंगडत होते, पण चोराबद्दल अवाक्षर ऐकून घेतलं नाही. अशा माणसापुढे कपाळाला हात लावण्यापलीकडे आपण काय करणार?

त्यांचा सगळ्यांत आवडता पुरावा म्हणजे शाळेतली छडी गेली, हा. काका स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. पूर्वी पोरं गुरांसारखी बडवली जायची, आता मास्तरानं हात उगारला तर आईबाप जाब विचारायला येतात, हे सांगताना त्यांचा चेहरा फुलून यायचा. एके दिवशी जेवताना त्यांनी हा पुरावा काढला आणि माझ्या बायकोने भात वाढता वाढता सहज विचारलं, "पण काका, तेव्हा मारत कोण होतं?"

काकांचा घास हातातच राहिला. ताटावरून उठले ते तीन दिवस चहाला आले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते हातात कागद घेऊन. त्यावर ज्यांना फार मारलं असं त्यांना आठवत होतं, अशा बारा विद्यार्थ्यांची नावं होती. "जावईबापू, तुमची मोटारसायकल लागेल," म्हणाले. माझ्या रविवारांचं काय, हे विचारायची सोय नव्हती.

माफी मागायचा असा दौरा मी जन्मात पाहिला नाही. पहिला विद्यार्थी जीप चालवणारा निघाला. काकांनी माफी मागताच त्याने भर रस्त्यात भरलेली जीप थांबवली, खाली उतरला आणि त्यांचे पाय धरले. तुमच्या मारानं घडलो गुरुजी, म्हणाला. जीपमधली माणसं खिडकीतून हात जोडायला लागली. दुसऱ्याचं मुरबाडला लोखंडी सामानाचं दुकान. त्याने आतून सगळं कुटुंब बोलावलं, मला बडवायचे ते हेच, अशी अभिमानाने ओळख करून दिली आणि काकांच्या अंगावर शाल घातली. अकरा जणांकडे गेलो, अकराही जणांनी आभार मानले. आमच्या घरात चार नारळ आणि दोन शाली जमल्या आणि काकांचा संताप वाढत चालला. मारामुळे नाही रे, मार खाऊनसुद्धा घडलात, असं ते ओरडून सांगत, तर समोरचा म्हणे, गुरुजींचा विनय बघा.

बारावं नाव मात्र ते पुढे ढकलत होते. शेवटी एकदा ओट्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. भातकापणीचे दिवस होते. सातवीतली एक मुलगी तीन दिवसांनी शाळेत आली, उजव्या हाताला चिंधी गुंडाळून. विळा लागला म्हणाली. काकांना वाटलं, बहाणा. तोच हात पुढे करायला लावला आणि छडी मारली. चिंधी लाल झाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही, ती कधीच नाही. आता मुरबाडच्या अलीकडे एका गावात शाळेतल्या पोरांची खिचडी शिजवते, असं त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, मग जाऊ या की. तर म्हणाले, "तीसुद्धा पाया पडली तर मी काय करू? मग कोणीच सुधारलं नाही, जावईबापू. मी काय केलं ते कोणाला कळलंच नाही, असं होईल."

रविवारी शाळा बंद, म्हणून एका शनिवारी गेलो. किन्हवलीपासून पुढे माझ्या पाठीमागे त्यांचं पुटपुटणं चालू होतं, वाक्य पाठ करत होते. शाळेमागच्या शेडमध्ये पन्नाशीला टेकलेली बाई मोठं पातेलं ढवळत होती. तिने काकांना लगेच ओळखलं. काका पाठ केलेलं सगळं विसरले. तुझा हात कापलेला होता आणि मी मारलं, माझं चुकलं, एवढंच कसंबसं म्हणाले. आता ही वाकणार म्हणून मी दुसरीकडे बघायला लागलो. ती वाकली नाही.

"हां, चुकलंच तुमचं," ती शांतपणे म्हणाली. "लय लागलं होतं. पण शाळा सुटली ते त्याच्यापेक्षा जास्ती लागलं."

काकांनी मान हलवली. तिने आम्हाला बसा म्हटलं नाही. ओळीत बसलेल्या पोरांना खिचडी वाढली, कोणाला पुन्हा हवी का ते विचारलं, आम्ही आपले उन्हात उभे. मला खरं सांगायचं तर राग आला होता, म्हाताऱ्या माणसाला एवढं ताटकळत ठेवायचं म्हणजे काय. पण काकांकडे पाहिलं तर ते डोळे पुसत होते आणि त्यांचा चेहरा किती दिवसांनी हलका दिसत होता. पोरं हात धुवायला उठल्यावर ती पदराला हात पुसत आली.

"तुमच्या माफीचं मी काय करू, गुरुजी? दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय. बाकीचं जमतं, गणित नाय जमत. शिकवाल?"

तेव्हापासून माझे शनिवारही गेले. शाळा सुटली की त्या शेडमध्येच दोघं समोरासमोर बसतात, आणि मी दाराशी मोबाइल बघत बसतो. परवा तिचं एकच समीकरण तीनदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी मान वर करून पाहिलं, तर काकांनी दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून धरले होते. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, पण आवाज अगदी मऊ, पुन्हा करू या म्हणत होते. तिने ते हात पाहिले होते. पाटी पुसून ती पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागली. "मला कळलंय हो," काका माझ्याकडे बघून ओशाळं हसले, "हातांना अजून सांगावं लागतं." चौथ्या वेळेला उत्तर बरोबर आलं. काकांनी आनंदाने हात बाहेर काढले, तर दोन्ही हातांना मुंग्या आलेल्या, टाळीसुद्धा धड वाजेना. मग तिनेच वाजवली.