विहिरीतल्या घोड्यासाठी उजेड

चांदूर बाजारजवळ आमचा संत्र्याचा मळा आहे आणि मळ्यात पायऱ्यांची जुनी दगडी विहीर. लहानपणी तिच्यात बुडी मारली तेव्हा पाण्याखाली, उत्तरेच्या भिंतीत, हातभर लांबीचा शेंदूर फासलेला दगडी घोडा आपण पाहिला, असं बाबा सांगत. त्यांच्यानंतर पुष्कळांनी बुड्या मारल्या. पण तो कोपरा कमानीच्या आत, तिथे अंधार असा गच्च की डोळे उघडले काय आणि मिटले काय, सारखंच. घोडा दुसऱ्या कोणालाच दिसला नाही, आणि विहीर तेवढी कधी आटली नाही.

शेजारच्या मळ्यातले काका बाबांचे लंगोटीयार. रोज संध्याकाळी ओट्यावर टेकले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय लेका, घोड्याले चारापाणी झालं का?" बाबा नुसते हसत. माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबत. आमचे बाबा बाजारात संत्र्याचा एक डागी नग खालच्या थरात दडवणार नाहीत असा माणूस, आणि त्यांना जन्मभर थापाड्या म्हणायचं म्हणजे काय!

एका उन्हाळ्यात आम्ही अकोल्याहून मळ्यात सुट्टीला आलो होतो. जेवताना माझी सहा वर्षांची लेक बाबांना म्हणाली, "आबा, ते घोड्याची थाप सांगा ना." बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते हात धुवून उठले. दम्यामुळे त्यांना आता पाण्यात उतरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझे यजमान अकोल्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवत. त्यांच्याकडे किल्लीवर चालणारा जुना सिने-कॅमेरा होता आणि त्यावर ते नातेवाइकांच्या मुंजी काढून फिल्म वाया घालवत. मी त्यांना म्हटलं, "एवढं शिकलात, त एक घोडा दाखवा."

"कॅमेऱ्याचं पाहू," ते म्हणाले, "पन उजेड कुठून आनशीन?"

कॅमेऱ्याची सोय खरंच सोपी निघाली. तुपाच्या मोठ्या डब्याचं बूड कापून तिथे काच बसवली आणि कडेनं खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरली. डबा वीतभर पाण्यात दाबायचा, कॅमेरा आत कोरडा. मोटारीच्या ट्यूबवर पालथं पडून कमानीखाली जायचं, एवढंच. पोहणं मी त्याच विहिरीत शिकले होते.

उजेडानं मात्र नाकी नऊ आणले. मळ्यात मोटरपंपासाठी नुकतीच वीज आली होती. लांब तारेला दिवा बांधून खाली सोडू, असं यांच्या तोंडून निघालं मात्र, आई कडाडली, "इजेची तार अन् पानी? एका दगडापायी माह्या पोरीचं कुंकू पुसता का, जवाईबुवा?" तो दिवा तिथेच विझला. मग गॅसबत्ती पाण्यावर टांगली. उजेड दिवाळीसारखा, पण पाण्यात आमचीच तोंडं दिसत. कपाटाचा आरसा काढून पायऱ्यांवरून दुपारचं ऊन आत फेकलं. पडलेली बादली शोधायला आम्ही नेहमी तसंच करतो. उन्हानं तळाचे दगड दाखवले, पण कमानीच्या आत वळायला ते तयार नव्हतं. टॉर्च लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून, झाकणाला मेण लावून सोडली. ती बिचारी हातभर अंतरावरच दमली.

शेवटी यजमान अकोल्याला जाऊन एका गॅरेजमधून मोटारीच्या पुढच्या दिव्याचा बल्ब आणि बॅटरी घेऊन आले. बल्ब बरणीत गेला, बॅटरी पायरीवर राहिली; तिच्या विजेचा झटका बसत नाही. आता काही चुकणार नाही असं वाटलं.

पण विहिरीला हात लावायचा आणि तिची पूजा करायची नाही, हे आईच्या बुद्धीला पटणारं नव्हतं. आम्ही पहाटे खाली उतरायच्या आत तिनं हळदकुंकवाचे करंडे रिते केले, नारळ फोडला आणि टोपलंभर दहीभात पाण्यात सोडला. वर हात जोडून म्हणाली, "आता दिसन." यजमानांनी पाण्याकडे पाहिलं आणि पायरीवर बसून घेतलं.

"आता घोडा नाही, कढी दिसन," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. आईही मग हसली. पाणी निवळेपर्यंत दोन दिवस आम्ही आमरस खाऊन काढले.

तिसऱ्या दिवशी ट्यूबवरून आत गेलो. यांनी बरणी डब्यालाच बांधली होती. काचेतून पाहिलं तर नुसतं पांढरं धुकं, पाण्यातला कण न् कण चमकत होता. मला आमची चूल आठवली. स्वयंपाकघर धुरानं भरलं की रॉकेलची चिमणी आपण डोळ्यांसमोर धरत नाही, धूरच दिसतो. ती पातेल्याशेजारी ठेवतो. मी बरणी सोडवून बांबूच्या टोकाला बांधली आणि बाजूनं भिंतीकडे सरकवली. धुकं गेलं. काळपट काहीतरी दिसलं.

"आनखी जवळ घे," यजमान म्हणाले. "लाल रंग पानी आधी खाते."

मी बांबू आणखी पुढे केला. आयाळ उमटली, मग मान, आणि मानेवर शेंदूर. कॅमेरा घरघरत होता आणि मी पाण्यात रडत होते.

वर येऊन बाबांच्या कानात सांगितलं. ते म्हणाले, "मले काय सांगतं? मले ठावं हाय. माह्या दोस्ताले दाखव."

फिल्म मुंबईला धुवायला गेली ती दिवाळीला हाती आली. संत्री निवडायच्या छपरीत धोतर ताणलं आणि कॉलेजातून मागून आणलेला प्रोजेक्टर दिवेलागणीला लावला. धोतरावर घोडा उभा राहिला. लेक ओरडली, "आबा, खराच हाय!" आणि जाऊन बाबांच्या मांडीवर बसली. काकांनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली. मग आणखी एकदा. "हाय बाप्पा," एवढं म्हणून ते काठी टेकत घरी गेले. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

दुसऱ्या दिवशी काका आले, ओट्यावर बसले आणि गप्प राहिले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा पावसाचं बोलले, संत्र्याच्या भावाचं बोलले. काका हूं हूं करत राहिले. एवढी वर्षं ज्या प्रश्नानं त्यांची संध्याकाळ सुरू होई, तो मीच काढून घेतला होता. शेवटी ते म्हणाले, "आता तुले इचारू त काय इचारू, लेका?"

बाबांनी सुपारी कातरली. बराच वेळ कातरली.

"तू नीट पाह्यलं का?" त्यांनी विचारलं. "मले कान लांब वाटले. गाढव त नसन?"

काका ताठ बसले. "मी तेच म्हनून राहिलो होतो मनात! गाढवच होय ते."

दुसऱ्या दिवशी ते फाटकातूनच ओरडत आले, "काय लेका, गाढवाले चारापाणी झालं का?" बाबा खोकला येईपर्यंत हसले. मी आत जाऊन दोघांसाठी चहाचं आधण ठेवलं.

ती फिल्म अजून माझ्या पेटीत आहे. घोड्याचे कान चांगले आखूड आहेत. ते बाबांनाही दिसले होते.