कोंबड्यांसाठी केलेली सावली

कोंबडी उन्हाने मरते तेव्हा गडबड करत नाही. चोच उघडी टाकते, पंख अंगापासून सुटे धरते आणि भर दुपारी केव्हातरी मान टाकते. आदल्या वैशाखात आमच्या निम्म्या कोंबड्या अशा गेल्या, तेव्हा आईने मला खूप ऐकवलं. कल्याणला रेल्वेत खलाशी झालास, लोखंड वाकवतोस, आणि घरच्या चार कोंबड्यांना धड सावली करता येत नाही, म्हणाली.

कोपरच्या खाडीकाठी आमचं घर. वडील नव्हते. आई आणि धाकटी बहीण मिठागरात मीठ ओढायच्या. प्लेगाचा पहिला उन्हाळा आला, कल्याणचं काम बंद पडलं आणि मी घरी बसलो, म्हणून नवं खुराडं बांधायला घेतलं. जुनं भिंतीला टेकून होतं. तापलेली भिंत दिवे लागले तरी कोंबड्यांना भाजत राही. नवं मी परसात करंजाखाली घेतलं. कारवीच्या काठ्यांच्या भिंती, पण न लिंपलेल्या, म्हणजे वारा आरपार जातो. वर पेंढ्याचं जाड छप्पर, खाली ओली वाळू, पश्चिमेच्या अंगाला पाणी मारलेलं गोणपाट. आईच्या सांगण्यावरून कंबरभर उंच आणि ऐसपैस केलं, कारण दाटीने बसल्या की कोंबड्या एकमेकींच्या उबेनेच मरतात. भोवती फिरायला जागा सोडून मुंगूस शिरू नये म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बहिणीचं लग्न शहाडकडे ठरलं होतं. सासरी एवढं गार घर मिळालं तरी पुष्कळ, अशी थट्टा ती करायची. मलाही माझ्या कामाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मग तिच्या पायाला मिठाची चीर पडली. आगरात हे नेहमीचंच. चीर चिघळते, जांघेत गाठ येते, दोन दिवस ताप येतो. त्याला आम्ही अवधाण म्हणतो, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला ते कधी ना कधी आलेलं असतं. पण त्या साली जांघेत गाठ म्हणजे प्लेग, एवढंच घरोघर फिरणाऱ्या सरकारी तपासणीवाल्यांना ठाऊक. गाठ दिसली की माणूस उचलायचे आणि प्लेगच्या छावणीत न्यायचे. छावणीत गेलेलं माणूस परत येत नाही, असं गावभर बोललं जात होतं. आईचा त्यावर पुरता विश्वास होता.

तपासणीवाले गावात शिरल्याची हाक आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आईने बहिणीला धरून परसात नेलं, कोंबड्या बाहेर हाकलल्या, तिला खुराड्यात सरकवलं आणि घरातली आणखी गोणपाटं आणून चारी बाजू झाकल्या. काय वाटेल ते झालं तरी तोंडातून शब्द काढू नकोस, एवढंच तिला बजावलं.

डॉक्टर, कारकून आणि एक शिपाई आले. घर पाहिलं, अंथरुणं झटकली, माझ्या जांघा चाचपल्या. परसात शिपाई थबकला. कोंबड्या कुंपणात उन्हात उभ्या होत्या, चोची वासून, आणि सावलीतलं खुराडं बंद. तोही कुठल्यातरी गावचाच असणार. एवढ्या उन्हात कोंबड्या बाहेर का, असं त्याने विचारलं.

"आत लांबडं गेलंय," आई म्हणाली.

साप म्हटलं की हे लोक पळतील, असं तिला वाटलं. डॉक्टर आणि कारकून मागे सरकलेही. शिपाई मात्र काठी सरसावून पुढे आला. आमचा राखणदार आहे तो, त्याला मारत नाहीत, असं आई त्याच्या पाया पडत सांगू लागली. तो हसला. गोणपाटावरूनच, कारवीच्या फटीतून त्याने काठी आत खुपसली, पुन्हा खुपसली, मग जोर लावून खुपसली. मी आईकडे पाहिलं. तिने माझं मनगट इतकं आवळलं होतं की हात बधिर झाला. आतून आवाज आला नाही.

"लागला," शिपाई म्हणाला. आणि ते पुढच्या घरी गेले.

बहिणीचा उजवा डोळा गेला होता. तोंडात पदराचा बोळा कोंबून ती वाळूवर पडली होती. गाठ चार दिवसांत आपोआप बसली. अवधाणच होतं ते. शहाडचं लग्न मोडलं.

तपासणीच्या त्याच दुपारी शेजारची पोर छावणीत नेली होती. तिलाही मिठाची चीर, तशीच गाठ. छावणीतून पुष्कळ माणसं परतली नाहीत, हे खरं. ही परतली. अंगाने भरली होती, तिथे रोज दूध मिळायचं म्हणून सांगत होती, आणि माझ्या बहिणीला भेटायला धावत आमच्या ओटीवर आली.

तिला पाहून आई उठली. मग कोयता घेऊन परसात गेली आणि खुराड्याच्या काठ्या तोडायला लागली. मी अडवलं नाही. मलाही ते डोळ्यांसमोर नको होतं. डोळ्यावर पट्टी बांधलेली बहीण भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"ऱ्हाऊ दे, आये," ती म्हणाली. "कोंबऱ्या उन्हान कुठं जातील?"