युरियाचं टॉनिक

या जगात माणसं, जनावरं, झाडं आणि जावई या सगळ्यांना एकच रोग होतो आणि त्याचं नाव 'कमतरता', असं आमच्या साडभाऊंचं ठाम मत आहे. बाकी सगळे रोग डॉक्टरांनी पोटापाण्यासाठी काढले. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. धाड गावच्या स्टँडजवळ त्यांचं कृषी केंद्र आहे, म्हणजे बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. आता गल्ल्यावर मुलगा बसतो आणि साडभाऊ बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. पण आयुष्यभर लोकांनी पिशवीतून आणलेली रोगट पानं उलटीपालटी करून पाहिल्यामुळे त्यांची नजर कायमची तशी झाली आहे. समोर माणूस आला तरी त्यांना पानच दिसतं. माझे केस गळायला लागले तेव्हा सगळ्या सासुरवाडीसमोर ते म्हणाले, "पातेगळ आहे साडभाऊ. बोरॉन कमी पडून राह्यलं तुमाले." कपाशीची पाती गळतात तसे माझे केस गळत होते, म्हणजे मी कपाशी. आमची ही एकदा माझ्यावर सकाळपासून तडकली होती, तर मला बाजूला घेऊन सांगतात, "नत्र जास्त झालं की असंच होते. नुसता पाला माजते. पाणी तोडा." पाणी तोडण्याची माझी हिंमत झाली नाही.

माझ्या पुतणीला पाहायला साखरखेर्ड्याचं स्थळ आलं तेव्हा तर कहरच झाला. मुलगा गोरा होता. जरा जास्तच गोरा. चहा-पोहे चालले असताना साडभाऊ उठले, मुलाचा हात हातात घेतला, वरून पाहिला, मग उलटा करून खालून पाहिला. "पान नेहमी खालून पाहा लागते," असं त्याच्या बापाला समजावलं आणि निकाल दिला, "शिरा हिरव्या अन् मधातला भाग पिवळा. लोह कमी आहे." मुलाचे वडील उठायलाच निघाले होते, पण साडभाऊंनी त्यांनाही हाताला धरून बसवलं आणि त्यांचंही पान पाहिलं. लग्न झालं. जावई अजून दर सणाला आमच्याकडे हात खिशात घालून येतो.

अशा माणसाने कुत्रं पाळलं तर त्याचं नाव मोत्या कसं असणार? पांढऱ्याशुभ्र पिल्लाचं नाव त्यांनी 'युरिया' ठेवलं. ऐन पेरणीच्या दिवसांत, खताची बोंब असताना, हा युरिया एका कुत्रीच्या मागे लागून धाड सोडून गेला. साडभाऊंना अन्न गोड लागेना. मग एका सकाळी तो चिखलाने माखून परत आला आणि साडभाऊ आनंदाच्या भरात ओट्यावरून ओरडले, "युरिया आला हो! आपला युरिया आला!" पंधरा मिनिटांत दुकानापुढे रांग लागली. लोक आधार कार्ड हातात घेऊन उभे. खरा प्रकार कळल्यावर एक म्हातारे शेतकरी युरियाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "हा तरी एकरी किती लागते?"

दुकानातल्या निम्म्या वस्तू पिकाला औषध आणि बाकीच्या जगाला विष. शेजारच्या दुकानातलं एक पिल्लू काहीतरी सांडलेलं चाटून मेलं, तेव्हा साडभाऊंनी युरियाला एक नियम शिकवला. मालकाने आधी तोंडात घालायचं, मग युरियाने मालकाचं तोंड हुंगायचं, वास जुळला तरच खायचं. भाकर असो, बिस्कीट असो, दूध असो. जुन्या राजांकडे अन्न चाखून पाहायला नोकर असत, युरियाकडे मालक होता. या नियमावर युरिया त्या विषाच्या कोठारात सुखाने म्हातारा झाला.

आता साडभाऊंच्या गळ्यातल्या माळेबद्दल सांगायला हवं. ते पक्के माळकरी. मटण-मासोळी सोडाच, ती खाणाऱ्याच्या शेजारी ते पंगतीलाही बसत नसत. आणि मी पडलो मासोळीचा शौकीन. आमच्याकडे येताना ते स्वतःचा तांब्या घेऊन येत आणि मला नाव ठेवलं होतं 'बगळेसाहेब'. "काय बगळेसाहेब, सापडली का एखादी?" हे त्यांचं रामराम. लग्नाच्या मांडवात मी या टोकाला बसलो की ते त्या टोकाला पान मांडत आणि तिथून नाकाला उपरणं लावून माझ्याकडे बघत. मीही कमी नव्हतो. ते दिसले की मी उगाच दातात काटा अडकल्यासारखं करत असे.

गेल्या थंडीत युरियाचे मागचे पाय धरले. केसांची रया गेली. रोज साडभाऊंच्या मागे दुकानाच्या पायऱ्या चढणारा गडी खालच्या पायरीशी बसून वर बघायला लागला. साडभाऊ त्याला खताच्या पोत्यासारखं उचलून वर नेत, पण युरियाला ते आवडत नसे. तो मान फिरवून घेई. शेवटी जीप करून आम्ही त्याला बुलडाण्याला नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पाय ताणून पाहिले आणि स्पष्ट सांगितलं की वय झालंय, पायांनी साथ सोडली की अशी कुत्री फार दिवस काढत नाहीत, पण सांध्यांना आणि कातडीला बळ मिळालं तर अजून एखादा हंगाम निघेल. मग त्यांनी एक व्हिटॅमिनची पावडर आणि एक तेल लिहून दिलं. साडभाऊंचा चेहरा खुलला. कमतरता! शेवटी कोणीतरी शिकलेलं माणूस त्यांच्या भाषेत बोललं होतं.

"पंपाले किती?" त्यांनी विचारलं.

"कोणता पंप?"

"पंधरा लिटरचा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्रमाण विचारताहेत." बाईंनी अर्धा चमचा सांगितला, जेवणातून, आणि बजावलं की जास्त दिलंत तर पोट बिघडेल. साडभाऊंनी जाता जाता एवढंच विचारून घेतलं की फवारणी सकाळची का संध्याकाळची.

पावडरीचं काही अडलं नाही. साडभाऊ चिमूटभर जिभेवर टाकत, युरिया हुंगे आणि खाई. आठवड्याभरात साडभाऊ मलाच सांगायला लागले, "माह्या नखाले पाहा कशी चमक आली." पण तेलाच्या बाटलीचं खोकं उघडलं आणि वरचं चित्र पाहून त्यांनी ती हातातून टाकलीच. चित्रात मासा होता. डॉक्टरीणबाई 'फिश ऑइल' म्हणाल्या होत्या, पण साडभाऊंना ते कंपनीचं नाव वाटलं होतं.

मला निरोप आला. मी गेलो तेव्हा बाटली अंगणात तुळशीपासून लांब, उपड्या घमेल्याखाली ठेवली होती. मी म्हणालो, "साडभाऊ, तुम्ही आयुष्यभर मिरचीच्या पिकाला मासोळीचं टॉनिक विकलं की!"

"ते मिरची खात होती. मी नाई."

मग आमचे उद्योग सुरू झाले. ताईंनी, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीने, स्वतःच्या तोंडाला तेल लावून पाहिलं, युरियाने त्यांना हुंगून शेपूट हलवली आणि ताटली तशीच ठेवली. साडभाऊंनी रिकामा चमचा चाटून मिटक्या मारल्या. युरियाने तोंड हुंगलं, ताटली हुंगली आणि मालकाकडे असं पाहिलं की त्या सत्तरीच्या माणसाने मान खाली घातली. मग मी पुढे झालो. मला कसली अडचण? मी तेल अगदी चवीने चाटलं आणि तोंड युरियापुढे नेलं. त्याने तोंड फिरवलं. "तुमचं तोंड बारा महिने तसंच वासते," साडभाऊ म्हणाले, "त्याच्यावर तो काऊन भरोसा ठेवीन?" शेवटी त्यांनी घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. ते दोघांनीही खाल्लं. युरियाच्या केसांवर थोडी तकाकी आली, पाय मात्र तसेच. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, जवस माणसाला चांगलं, कुत्र्याच्या अंगी ते फारसं लागत नाही.

प्रकरण देवळाच्या ओट्यावर भजनी मंडळापुढे गेलं. मीही मुद्दाम गेलो, असली संधी कोण सोडतो? मृदंगवाले म्हणाले, "तेलाले कुठं काटे असतात? तेल म्हणजे तेल." एकाने सुचवलं, डोळे मिटून चाटा, देवाला कळणार नाही. बुवा सगळ्यांत शहाणे. ते म्हणाले, "औषधाले दोष नसते."

"हाव," साडभाऊ म्हणाले, "पण औषध युरियाले आहे. मले काय रोग आहे?"

त्यांच्या आईने त्यांच्या गळ्यात ती माळ घातली तेव्हा ते शाळेत जात होते. परतताना ते मला 'बगळेसाहेब'सुद्धा म्हणाले नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं. युरिया पायरीशी बसला होता. तो आता उठण्याचा प्रयत्नही करत नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळच्या एसटीने मी न कळवता धाडला गेलो आणि सवयीने मागच्या फाटकाशी पोचलो. अंगणात साडभाऊ युरियासमोर मांडी घालून बसले होते. गळा मोकळा होता. इतक्या वर्षांत तो गळा मी तसा कधी पाहिला नव्हता. माळ तुळशीच्या फांदीला अडकवून ठेवली होती, जिची तिच्याकडे सोपवल्यासारखी. त्यांनी बाटलीतून चमचा भरला, डोळे मिटले, चाटला, गिळला. अंगावर काटा आला तो मला फाटकातून दिसला. मग त्यांनी तोंड पुढे केलं. "घे बे," ते म्हणाले. "पाह्य, मी खाल्लं. काई होत नाई." युरियाने त्यांचं तोंड नीट हुंगलं, आणि ताटली साफ केली.

मी मागच्या मागे सटकलो, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आलो आणि लांबूनच मोठ्याने खोकत कडी वाजवली. बऱ्याच वेळाने साडभाऊ आले. आंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, गळ्यात माळ आणि गालात मूठभर लवंगा. त्यांच्या पायात घुटमळत दोन मांजरं होती, जी त्या घरात मी जन्मात पाहिली नव्हती. दोन्ही आशेने त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मांजरांकडे पाहिलं. मग घसा साफ करून म्हणाले, "काऊन हो बगळेसाहेब, तुमच्या नाकाले कशाचा वास येऊन राह्यला का?"

या प्रश्नासाठी मी अख्खं सासुरवाडीचं आयुष्य थांबलो होतो. उत्तरं तर माझ्याकडे डझनभर तयार होती.

"येतोय," मी म्हणालो. "जवसाचा."

साडभाऊंनी आत जाऊन ताईंना चहात साखर जास्त टाकायला सांगितलं.

युरिया उठला. पुन्हा पायऱ्या चढायला लागला, हळूहळू, मध्ये थांबत, पण स्वतःच्या पायांनी. एक अख्खी पेरणी त्याने दुकानाच्या दारात बसून पाहिली. कपाशी फुटायला लागली तेव्हा एका दुपारी तो खुर्चीखाली झोपला तो उठला नाही. शेतात बांधावर साडभाऊंनी स्वतः खड्डा केला, कोणाला हात लावू दिला नाही.

परवा साखरखेर्ड्याला बारशाला गेलो होतो. त्या पिवळ्या जावयाच्या मुलाचं बारसं. पंगत बसत होती. मी माझ्या टोकाला बसलो आणि दुसऱ्या टोकाकडे पाहिलं, तर साडभाऊ तिथे नव्हते. ते पान हातात घेऊन माझ्याकडेच येत होते. "सरका बगळेसाहेब," म्हणाले आणि शेजारी बसले. वरण-भात आला. मला जुनी खोड स्वस्थ बसू देईना, मी हळूच म्हणालो, "साडभाऊ, चालतं का आता शेजार?"

त्यांनी भात कालवला. एक घास उचलला आणि तसाच हातात धरून थोडा वेळ बसून राहिले, जणू कोणीतरी येऊन आधी हुंगणार आहे. मग डावा हात गळ्यातल्या माळेवर गेला.

"आता कोणासाठी माळ काढाचं काम पडत नाई," ते म्हणाले आणि जेवायला लागले.