मावशींचे फोन यायला लागले तेव्हा

“ताई, बाहेर या!” मेथीची पाटी उतरवून मावशी अंगणातूनच हाक मारायच्या. भूकंपात घर, नवरा, गाव सगळं गेलं, तेव्हापासून त्या स्लॅबखाली बसत नसत. शिकवण्यांसाठी लातुरात आलेल्या मुलांची मी मेस चालवत होते. मावशी तासाभरावरच्या पुनर्वसनाच्या वस्तीतून यायच्या.

अंगणात चहा निवांत व्हायचा. मातीत बोटानं रेघा ओढून त्या जुनं गाव दाखवायच्या. “हितं आड. हितं आमचं दार.” मी कधीच न पाहिलेलं ते गाव मला गल्लीन् गल्ली पाठ झालं होतं.

एकदा परीक्षा संपून मुलं घरी गेली. मावशींना कुठून कळणार? दोन पाट्या घेऊन त्या मेसमागून मेस हिंडल्या. सगळीकडे कुलपं. दुपारी माझ्या अंगणात टेकल्या तेव्हा भाजीनं माना टाकल्या होत्या.

“काल कुनी सांगितलं असतं तर तोडलीच नसती की, ताई.” भूकंपाचं सांगतानाही न रडणाऱ्या मावशी त्या दिवशी रडल्या.

मी माझा जुना मोबाइल त्यांना दिला. त्यांना आकडे वाचता येत नव्हते. एक बटण दाबून धरलं की मला लागायचा. पहिल्यांदा इतक्या ओरडून बोलल्या, की फोन नसता तरी मला ऐकू आलं असतं!

मग रोज संध्याकाळी विचारायच्या, “उद्या किती जुड्या?” तेवढ्याच तोडायच्या. हळूहळू माझ्यामार्फत दहा-बारा मेस जोडल्या, वस्तीतल्या बायकांचीही भाजी घेतली. पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याला ऐकवायच्या, “लातूरचा भाव आत्ताच इचारलाय म्या.” माल रिक्षानं येऊ लागला. एक पान वाया जाईना.

मला आनंदच होता. पण मावशी यायच्या थांबल्या.

“मावशी, चहाला या की.”

“येते की. लई काम हाय, ताई.”

वस्ती तासाभरावरच होती. मी तरी कुठं गेले?

एकदा दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारणीनं उचलला. “त्या न्हाईत आता, ताई. झोपेतच गेल्या.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा वस्तीवर गेले. शेजारीण मला त्यांच्या वाफ्यांकडे घेऊन गेली. तुम्ही मेथीचं फूल पाहिलंय कधी? इतकी वर्षं रोज मेथी निवडूनही मी पाहिलं नव्हतं. कडेच्या वाफ्यात बारीक, पांढरट फुलं वाऱ्यावर हलत होती.

“ह्यो तोडायचा न्हाई,” शेजारीण म्हणाली. “फुडल्या सालाच्या बियान्याला राखलाय त्यांनी.”