हज्जियाच्या बाजूचं दार

गाडीचं दार दुरुस्त करायला जे डोकं लागतं ते माझ्याकडे नाही, हे आमच्या गॅरेजात सगळ्यांना माहीत आहे. फक्त हज्जींना माहीत नव्हतं. आणि आमचा उस्ताद सुट्टीवर गावी गेला त्याच आठवड्यात ते नेमके शटरसमोर येऊन उभे.

मी बहरीनमध्ये, मुहर्रकला, एका बारक्या गॅरेजात घासायचं काम करतो. म्हणजे रंग मारायच्या आधी गाडी सँडपेपरने घासून काढायची. त्याआधी गावाला, देवगडकडे, एका सुताराच्या हाताखाली दारं-खिडक्या बसवायचो. त्या सुताराने मला सोडलं, मग मी देश सोडला. उस्ताद कराडकडचा. खरा मेकॅनिक तो. मी त्याला पाने देतो, तो मला शिव्या देतो, दोघांचंही चांगलं चाललंय.

हज्जी इथलेच, बहरीनी. म्हातारे झालेत, पण हिंदी अशी बोलतात की आपल्यालाच आपली सुधारावीशी वाटते. त्यांच्याकडे त्यांच्या तरुणपणातली अमेरिकन गाडी आहे. होडीसारखी लांब, दोनच दारं, आणि एकेक दार असलं मोठं की काढून उभं केलं तर आडोशाला एक संसार मावेल. दर शुक्रवारी दुपारची नमाज झाली की हज्जी आणि त्यांची बायको, जिला सगळे हज्जिया म्हणतात, या गाडीतून सखीरकडे वाळवंटात जायचे. थर्मासमधला चहा प्यायचे, मनसोक्त भांडायचे आणि परत यायचे. लग्न झाल्यापासूनचा रिवाज.

मध्ये ते नात्यातल्या एका लग्नाला गेले. हॉलसमोर गाडी थांबली आणि हज्जियाच्या बाजूचं दार उघडेना. लोंबून लोंबून लॉकमध्ये अडकलेलं. पायऱ्यांवर सगळ्या बायका नटून उभ्या, आणि हज्जियाला सीटवरून सरकत, स्टिअरिंगखालून पोट ओढत नवऱ्याच्या बाजूने बाहेर यावं लागलं. हज्जिया अंगाने चांगली भरलेली. अर्ध्या वाटेत हॉर्न दाबला गेला, आणि ती पूर्ण बाहेर येईपर्यंत वाजतच राहिला.

तेव्हापासून ती त्या गाडीत बसली नाही. दार माझ्या करंगळीने लागलं तर बसेन म्हणाली, नाहीतर तू आणि तुझी गाडी, जा दोघंच.

"मैं अकेला जाता हूँ," हज्जी मला म्हणाले. "दो कप लेके जाता हूँ. एक साफ का साफ वापस आता है." मग इकडे तिकडे बघून विचारलं, "उस्ताद किधर?"

"छुट्टी पे."

"तुम को आता है ये काम?"

इथे 'नाही' म्हणायचं होतं. एवढंसं तर म्हणायचं होतं. पण त्या साफ कपाचं माझ्या मनात राहिलं होतं आणि तोंडाला तर माझ्या आधीपासून ब्रेक नाही. "आता है ना हज्जी. इंशाल्ला." इंशाल्ला म्हटलं की अर्धी जबाबदारी आपल्यावर राहत नाही, एवढं अरबी मी इथे येऊन शिकलोय.

तर दार. मी ते थोडं उघडलं आणि मागच्या टोकाला धरून वर उचललं. चांगलं बोटभर वर आलं आणि सोडल्यावर खट्‌कन खाली बसलं. म्हणजे बिजागरी गेलेली. बिजागरीत एक लोखंडी पिन असते आणि तिच्याभोवती पितळेची छोटी नळी, तिला बुश म्हणतात. दार उघडझाप करून करून बुश झिजतो, पिन आत खुळखुळते, मग दाराचं शेपूट लोंबायला लागतं. हे मला उस्तादच्या शिव्यांमधून कळलेलं. मधूनमधून तो त्यात माहितीही घालतो.

मी दाराखाली जॅक लावला. रंगाला ओरखडा नको म्हणून त्यावर माझी अंथरायची चादर घडी करून टाकली. ती चादर आता कुत्रंही घेणार नाही. पिना ठोकून काढल्या तर एक बुश एका बाजूने कागदासारखा पातळ झालेला. मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून नवे बुश बनवून आणले, नव्या पिना बसवल्या. इथपर्यंत एकही चूक नाही. मलाच भीती वाटायला लागली होती.

आता दार गाडीवर चढवून सरळ बसवायचं. बोल्ट ढिले ठेवले की ते थोडं वरखाली सरकतं, जागेवर आलं की आवळायचं. पण जागेवर आलं हे ओळखायचं कसं? इथे माझ्यातला सुतार जागा झाला. म्हटलं, दार म्हणजे दार. गावाला चौकट बसवताना आम्ही काय करायचो? ओळंबा सोडायचो. दोरीला वजन बांधायचं आणि लोंबतं सोडायचं, दोरीला कड मिळाली की दार सरळ. मी एक जाडा नट सुतळीला बांधला, दाराच्या मागच्या कडेशी धरला, आणि एक डोळा मिटून दार सरकवत गेलो. कड आणि सुतळी एक झाली. मी बोल्ट असे आवळले की पान्याने दया मागितली.

दार खालून जरा घासत होतं. म्हटलं, नवं आहे, रुळेल. दाराचं लॉक गाडीवरच्या ज्या खुंट्यात अडकतं तो खुंटा लॉकसमोर येईना, तर मी खुंटाच खाली सरकवला. दार लागलं! मी दाराला टेकून, एका हातात ओळंबा धरून फोटो काढला. उस्तादला पाठवणार होतो, तेवढ्यात रेंज गेली. देव कधीकधी असा वाचवायला बघतो, आपल्यालाच कळत नाही.

गुरुवारी सकाळी हज्जी आले, दार उघडून लावून बघितलं, मान हलवली आणि गाडी घेऊन एक चक्कर मारायला गेले. मी चहा सांगितला. चहा यायच्या आधी गाडी परत आली.

हज्जी आपल्या बाजूने उतरले, चालत माझ्याकडे आले. आवाज अजिबात चढवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

"पहले ये दरवाजा कभी कभी अटकता था," ते म्हणाले. "अब पहले स्पीडब्रेकर से पक्का बंद है. तुम ने जेल बनाया."

मी हँडल ओढलं. दार ढिम्म.

"मैं सुबह उसको बोल के आया, दरवाजा हो गया, कल चलेंगे," हज्जी म्हणाले. "उसने थर्मास धोया. अब मैं घर जाके क्या बोलूँ?"

मी उस्तादला व्हिडिओ कॉल लावला. उस्ताद गोठ्यात म्हशीला पाणी पाजत होता. मी सगळं सांगितलं. अर्धवट सांगायची सोय नव्हती, हज्जी शेजारीच उभे.

"दार सरळ केलंस ते कशानं बघितलंस?" उस्तादने विचारलं.

"ओळंबा लावला."

पलीकडे उस्तादने बादली खाली ठेवली. म्हैससुद्धा मान वर करून माझ्याकडे बघायला लागली.

"आरं कोकण्या, गाडीला ओळंबा? मग वास्तुशांत बी घातली असशील. भटजी कुठला मिळाला तिथं?"

"उस्ताद, दोरी खोटं बोलत नाही."

"दोरी न्हाय बोलत. पर गाडी कशावर हुबी केलीवतीस? फोन खाली कर. जमीन दाव मला."

मी फोन खाली केला आणि त्या क्षणी मलाच दिसलं. गॅरेजची फरशी शटरकडे उतरती आहे, धुतल्यावर पाणी बाहेर जावं म्हणून. ते पाणी झाडूने बाहेर लोटणारा माणूस मीच. गाडी उतारावर नाक खाली करून उभी होती. म्हणजे गाडी तिरपी, दोरी सरळ, आणि मी शहाण्याने दार दोरीला मिळवलं, गाडीला नाही. सपाट रस्त्यावर गेल्यावर दाराचं शेपूट खालीच राहिलं. नवे बुश, नव्या पिना घालून मी जुना आजार स्वतःच्या हाताने परत बसवला होता.

"घराला जमीन बघायची लेका, गाडीला गाडी बघायची," उस्ताद म्हणाला. "दाराच्या कडंची फट बघ. वर, खाली, मागं, सगळीकडं सारखी पायजे. आन् तो खुंटा होता तिथं ने."

"फट किती ठेवू?"

"तुझ्या अकलेएवढी ठेव. बारीक."

खुंटा सोडवून दार एकदाचं उघडलं. गाडी बाहेर सपाट जागेत घेतली. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याची पट्टी सगळ्या फटींतून फिरवत बसलो. वर सैल, खाली अडते. बोल्ट ढिले कर, केसभर उचल, आवळ, परत पट्टी. दुपार झाली, ऊन डोक्यात शिरलं. तिथे आधीपासून भरपूर जागा रिकामी असल्याने मला त्रास झाला नाही. हज्जी घरी गेले नाहीत. सावलीत खुर्ची टाकून बसले आणि दर थोड्या वेळाने विचारायचे, "खलास?" मी म्हणायचो, "इंशाल्ला." मग ते तोंड फिरवायचे. संध्याकाळी कुठे पट्टी सगळीकडून सारखी फिरली.

शुक्रवारी नमाज झाल्यावर ते दोघं आले. हज्जी आपल्या लांब गाडीतून, हज्जिया मुलाच्या गाडीतून, त्यांच्या मागे मागे. अजून भरवसा नव्हता. अंगात काळा पायघोळ अबाया, हातात थर्मास. तिने मला आपादमस्तक बघितलं.

"ये है वो?"

"यही है," हज्जी म्हणाले. तक्रार होती की ओळख, ते कळलं नाही.

तिने दार उघडलं. करंगळी पुढे केली, तिच्यातली अंगठी आधी नीट फिरवून घेतली, आणि दाराला टेकवली. दार गेलं आणि ठप्प. लोण्यात सुरी जावी तसं. तिने परत उघडलं, परत लावलं. मग थर्मास हज्जींच्या हातात दिला. हज्जींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. मला तर वाटलं, आता मला मिठी मारतात.

आणि मग हज्जिया बसायला निघाली. एक हात गाडीच्या टपावर, दुसरा दाराच्या वरच्या कडेवर, आणि अंगाचं सगळं वजन दारावर टाकून ती लोंबकळली. नवीन पिना करकरल्या. बुश कोणी खाल्ले होते ते मला समोर दिसत होतं.

"हज्जिया, दरवाजे पे मत लटको!"

मी ओरडलो तेव्हा ओरडलो. तोंड मिटल्यावर कळलं की ओरडलो.

मुलगा आपल्या गाडीत काच वर करून बसला. हज्जिया तशीच थांबली, मग पाय परत जमिनीवर ठेवला.

"लटको? मैं बंदर है?"

"नहीं नहीं हज्जिया, वो वजन... मतलब दरवाजे का वजन... आप का तो कुछ भी वजन नहीं..."

"बस," हज्जी हळूच म्हणाले. "और मत बोलो."

हज्जिया त्यांच्याकडे वळली. "तुम को मालूम था, दरवाजा मेरी वजह से गिरता है?"

हज्जींनी थर्मासच्या झाकणाकडे निरखून बघितलं. एवढ्या वर्षांचा संसार त्या एका बघण्यात होता. "मुझे गाडी का क्या मालूम," ते म्हणाले.

मला वाटलं, झालं. आजचा शुक्रवारही गेला, आणि तोही माझ्या तोंडामुळे. दोन दिवस घाम गाळून दार बसवलं आणि बसणारीला हाकललं.

"तो मैं किस को पकडूँ?" हज्जिया म्हणाली. "हवा को?" तिने हज्जींकडे बघितलं. "ये तो खुद मुझे पकड के उतरता है." मग माझ्याकडे बघितलं. बघतच राहिली. म्हैस बघत होती तसंच. "इधर आओ."

मी गेलो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, सगळा भार टाकला आणि आत बसली. करंगळीने दार लावलं. काच खाली करून म्हणाली, "वहाँ उतारेगा कौन? यल्ला, पीछे बैठो."

हज्जींनी आपली सीट पुढे पाडली आणि मी गुमान मागे शिरलो. सबंध रस्ताभर ते दोघं अरबीत भांडत होते. हज्जी एकदाही जिंकले नाहीत. पण आरशात मला दिसत होते, दात काढत होते.

सखीरला वाळूत गाडी थांबली. मी धावत जाऊन दार उघडलं, खांदा दिला. हज्जियाने पकडलं, उठायला जोर लावला, आणि माझे गुडघे जरा वाकले.

"हिलता है," ती हज्जींना म्हणाली. "ये भी ढीला है."